संगणकाचा चित्रमय पडदा आणि प्राथमिक शिक्षक

पहिलीच्या वर्गात नव्याने आलेल्या मुलाच्या हाती पाटी दिली की ते तिच्यावर प्रथम रेघोट्या ओढते, मग चित्र काढते आणि पुष्कळ दिवसांनी अक्षर लिहिते. पाटी त्याला काही सुचवीत नाही व त्याच्यापासून काही लपवीतही नाही. त्याच मुलाच्या हाती घरातील मोबाइल येतो तेव्हा परिस्थिती उलट असते. मोबाइलचे पटल कोरे नसते. कोणते चित्र वर मांडावे, कोणते खाली, कोणते मोठे करावे व कोणत्या रंगात, हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते आणि मुलाचे बोट त्या मांडणीच्या मागे जाते.

या मांडणीला इंग्रजीवरून ‘ग्राफिकल यूजर इंटरफेस’ असे म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला सोयीसाठी ‘चित्रमय पडदा’ म्हटले आहे. गाणी, चित्रफिती, बातम्या, धडे, पत्रव्यवहार, पटनोंदणी हे सर्व आज शिक्षकाला व विद्यार्थ्याला याच पडद्यातून भेटते. तेव्हा हा पडदा कसा घडला, तो पाहणाऱ्याच्या अनुभवाला वळण कसे देतो आणि त्याबाबत प्राथमिक शिक्षकाचे कर्तव्य काय, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

पडद्यामागे काय असते

मराठवाड्यातील जुन्या वाड्यात शिरणाऱ्याला प्रथम ढाळज दिसते. पाहुण्याने कोठे बसावे, माजघरात कोणी जावे, हे ढाळजेच्या रचनेवरूनच ठरते. धान्याचे पेव कोठे आहे हे पाहुण्याला कळत नाही व कळण्याचे कारणही नसते. संगणकाचे तसेच आहे. त्याच्या पोटात फक्त शून्य आणि एक या दोन अंकांच्या लांबच लांब ओळी असतात. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे छायाचित्र, कवितेचे ध्वनिमुद्रण आणि गुणपत्रक हे तिन्ही तेथे अंकांच्या रूपातच राहतात. त्या अंकांना छायाचित्र, गाणे किंवा तक्ता असे रूप देऊन माणसापुढे ठेवण्याचे काम पडदा करतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. पडद्यावर दिसते ते साठविलेल्या मजकुराचे एक रूप असते. तोच मजकूर दुसऱ्या रूपातही दाखविता आला असता. शाळेची शंभर छायाचित्रे तारखेच्या क्रमाने दाखविता येतात, मुलांच्या नावांप्रमाणे दाखविता येतात, किंवा त्यांतील चार निवडून ‘आठवणी’ म्हणून आपोआप समोर आणता येतात. पाहणाऱ्याच्या मनात त्या दिवसाचे जे चित्र राहते, ते या निवडीवर पुष्कळसे अवलंबून असते.

चित्रमय पडद्याचा अल्प इतिहास

आरंभीच्या संगणकांवर चित्रे नव्हती. काळ्या पडद्यावर एक चौकोनी खूण लुकलुकत असे आणि वापरणाऱ्याला आज्ञा अक्षरांनी टंकित करावी लागे. आज्ञेतील एक अक्षर चुकले तरी यंत्र काम नाकारीत असे. अशा यंत्राचा उपयोग तज्ज्ञांपुरताच राहिला, यात नवल नाही.

या स्थितीत बदल घडविणारा एक प्रसंग ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी घडला. डग्लस एंगलबार्ट या अभियंत्याने जमलेल्या संगणकतज्ज्ञांसमोर हाताने सरकविण्याचा ‘माउस’ वापरून पडद्यावरील मजकूर निवडून व हलवून दाखविला. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. १९८१ मध्ये त्याच कंपनीच्या ‘स्टार’ या संगणकाच्या पडद्यावर कचेरीतील टेबलाचे चित्रच अवतरले: कागद, फाइल, फोल्डर, टपालाची पेटी. ॲपल कंपनीच्या ‘मॅकिंटॉश’ने १९८४ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज’ने १९८५ पासून हीच पद्धती सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचविली. २००७ मध्ये आयफोन आला व नंतर स्पर्शपटलाचे मोबाइल सर्वत्र पसरले. माउसची जागा बोटाने घेतली.

आज्ञा पाठ करण्याचे ओझे या पद्धतीने उतरविले, हे तिचे मोठे उपकार होत. ज्या आजीला अक्षर वाचता येत नाही, तीही फोनच्या हिरव्या खुणेवर बोट ठेवून शहरात राहणाऱ्या लेकीशी बोलू शकते. तथापि या सोयीबरोबर एक गोष्ट नकळत आली. पूर्वी माणूस यंत्राला आज्ञा देत असे. आता यंत्राने पुढे ठेवलेल्या पर्यायांतून तो निवड करतो. जो पर्याय पडद्यावर नाही, तो त्याच्या मनातही सहसा येत नाही.

चित्रे कोणाच्या घरची?

चित्राची भाषा सर्वांना समजते असा एक समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. संगणकावरील टेबल, फोल्डर, कचऱ्याची टोपली ही चित्रे अमेरिकेतील कचेरीतून आलेली आहेत. मजकूर जतन करण्यासाठी पुष्कळ ठिकाणी फ्लॉपी नावाच्या चौकोनी तबकडीचे चित्र असते. ती तबकडी वापरातून गेली. तिचे चित्र मात्र राहिले. आजच्या चौथीतील मुलाने फ्लॉपी कधी पाहिलेली नसते. त्याच्या दृष्टीने ते चित्र, ‘ग’ या अक्षराच्या आकारासारखेच, केवळ पाठ करावयाचे एक चिन्ह असते.

या संदर्भात दिल्लीतील एक प्रयोग शिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवावा. १९९९ च्या जानेवारीत डॉ. सुगता मित्रा यांनी काळकाजी भागात, एनआयआयटी या संस्थेच्या कचेरीला लागून असलेल्या झोपडवस्तीच्या भिंतीत एक संगणक बसवून तो मुलांसाठी मोकळा ठेवला. शिकविण्यास कोणी नव्हते. मुले एकमेकांचे पाहून तो चालवू लागली, आणि विशेष म्हणजे पडद्यावरील खुणांना त्यांनी आपली नावे दिली. बाणाच्या खुणेला ती ‘सुई’ म्हणू लागली. ‘थांबा, काम चालू आहे’ असे सुचविणाऱ्या वाळूच्या घड्याळाच्या चित्राला त्यांनी ‘डमरू’ म्हटले. वाळूचे घड्याळ त्यांच्या घरी नव्हते. शंकराचा डमरू मात्र ओळखीचा होता.

अपरिचित चिन्ह परिचित वस्तूशी जोडून मूल शिकते, हे तत्त्व अध्यापन विद्यालयात प्रत्येक शिक्षकाने अभ्यासलेले आहे. पडद्यालाही ते तंतोतंत लागू पडते. म्हणून मुलांनी दिलेली नावे चुकीची ठरवून खोडून टाकण्याची घाई करू नये. प्रथम मुलाचे नाव, मग रूढ नाव, हा क्रम हितावह होय.

भाषेचा दरवाजा

दरवाजा कोणत्या भाषेत आहे यावर आत कोण जाणार हे ठरते, याचा अनुभव मराठवाड्याइतका कोणाला असेल! १९४८ पूर्वी हैदराबाद संस्थानात कचेरीची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. ज्या शेतकऱ्याची भाषा मराठी, तेलुगू किंवा कन्नड होती, त्याला सरकारी कागद वाचण्यासाठी दुसऱ्याचे तोंड पाहावे लागे. आज पडद्याच्या बाबतीत तसे घडू नये, ही काळजी शिक्षकालाच घ्यावयाची आहे.

देवनागरी अक्षर संगणकाच्या पडद्यावर येण्यास बरेच परिश्रम पडले. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ संस्थेने भारतीय लिप्यांसाठी महत्त्वाचे कार्य केले. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे ‘इस्की’ हे प्रमाणक १९९१ मध्ये मान्य झाले, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘युनिकोड’च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीलाही स्थान मिळाले. तरीही बरीच वर्षे निरनिराळे फॉन्ट निरनिराळे संकेत वापरीत राहिले. एका संगणकावर शुद्ध मराठीत लिहिलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडताच निरर्थक खुणांची रांग दिसे, हे अनेक मुख्याध्यापकांनी अनुभवले आहे. पत्र तेच होते, आतील अंकही तेच होते. त्या अंकांना अक्षराचे रूप देणारा पडदा निराळा होता. वर सांगितलेल्या तत्त्वाचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

भारतीय लिप्यांसाठी ठरविलेल्या ‘इनस्क्रिप्ट’ या कळफलकाची एक सोय सीमेवरील शाळांच्या विशेष उपयोगाची आहे. त्यात मराठी ‘क’, तेलुगू ‘క’ आणि कन्नड ‘ಕ’ एकाच कळीवर येतात. देगलूर, बिलोली, धर्माबाद किंवा उदगीर, देवणी या तालुक्यांत, जेथे घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असू शकते, तेथे एकदा शिकलेली कळ दोन्ही भाषांना पुरते. याउलट रोमन अक्षरे टंकित करून मराठी शब्द उमटविण्याची रीत प्रौढांना सोयीची वाटली, तरी पहिली-दुसरीच्या मुलाला ती आडवाटेने नेते. ‘आई’ लिहिण्यासाठी त्याला आधी इंग्रजी अक्षरे आठवावी लागतात. शक्य तेथे मुलांच्या हाती देवनागरी कळफलकच द्यावा.

आणखी दोन बारकावे येथे नमूद करावयास हवेत. पाठ्यपुस्तकातील ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाचे असतात. पुष्कळ मोबाइलांवर तीच अक्षरे हिंदी वळणाची दिसतात. नुकते अक्षर ओळखू लागलेले मूल तेथे अडखळले, तर दोष मुलाचा मानू नये. दोन्ही वळणे फळ्यावर शेजारीशेजारी काढून दाखवावीत. तसेच उर्दू माध्यमाच्या शाळेत पडद्याची भाषा उर्दू केल्यास मांडणी उजवीकडून डावीकडे जाते आणि ‘मागे जा’ ही खूण उजवीकडे तोंड करते. पुढे आणि मागे या दिशासुद्धा लिपीवर अवलंबून असतात, हे दोन्ही माध्यमांच्या मुलांनी एकमेकांना दाखविण्याजोगे आहे.

दोन प्रकारचे मार्ग

चित्रमय पडदा मुलाला कोठे नेतो, या दृष्टीने त्याचे दोन प्रकार करता येतील. पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातील एका जिल्हा परिषद शाळेतच सापडते. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहान गाव आहे. तेथील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. काळ्यापांढऱ्या चौकोनांची ही खूण जपानमधील ‘डेन्सो वेव्ह’ या कंपनीत मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये, मोटारींचे सुटे भाग ओळखण्यासाठी, शोधून काढली होती. कारखान्यातील खूण एका प्राथमिक शिक्षकाने धड्याच्या पानावर आणली. पुढे बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड छापले गेले, आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय व्यासपीठाशी पाठ्यपुस्तकांची सांगड घातली गेली. डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले व पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सर्वांना विदित आहेच.

शिक्षकाने येथे लक्ष द्यावयाचे ते मांडणीकडे. पानावरील कोड मुलाला त्याच पाठाच्या साहित्याकडे नेतो. ते पाहून झाले की मूल पुन्हा पुस्तकाकडे येते. वाट कोणी आखली, ती कोठून निघते आणि कोठे संपते, हे स्पष्ट असते. कॅमेरा चालत नसेल तर दीक्षावरील कोडखाली छापलेली सहा चिन्हे टंकित करूनही तेथे पोहोचता येते.

दुसऱ्या प्रकारात वाटेला शेवट नसतो. चित्रफितींच्या संकेतस्थळावर एक फीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते. बातम्यांची किंवा करमणुकीची यादी बोटाने वर सारावी तितकी खालून उगवत राहते. या न संपणाऱ्या यादीची रचना २००६ मध्ये ॲझा रास्किन या अमेरिकी रचनाकाराने केली. पुढे तिच्या परिणामांबद्दल त्यांनीच जाहीरपणे खेद व्यक्त केला. पुस्तकाचे पान संपते तेव्हा वाचक क्षणभर थांबतो आणि पुढे वाचावे की मिटावे हे ठरवितो. तो क्षणच या रचनेने काढून टाकला. पाचवीतील मुलगा धड्याची फीत पाहावयास बसतो आणि तासाभराने भलतेच काही पाहताना आढळतो, तेव्हा त्याला आळशी म्हणण्यापूर्वी थांबण्याची जागा कोणी नाहीशी केली, हेही पाहावयास हवे.

खूण आणि सत्य

पडदा केवळ मुलांनाच वळण लावतो असे नाही; शिक्षकांच्या समजुतीही तो घडवितो. मार्च २०२० पासून शाळा बंद राहिल्या तेव्हा गावोगावच्या शिक्षकांनी व्हॉट्सॲपवरून अभ्यास पाठविला. संदेशापुढे दोन निळ्या खुणा उमटल्या की अभ्यास पोहोचला, असे वाटे. वस्तुतः त्या खुणांचा अर्थ एवढाच की, त्या फोनवर तो संदेश उघडला गेला. फोन वडिलांचा, वडील सोयाबीनच्या रानात, मूल घरी. खूण निळी झाली म्हणून धडा समजला, असे मानणे ही फसगत होती. ती यंत्राने केलेली नव्हती. खुणेला तिच्या योग्यतेहून अधिक अर्थ दिल्यामुळे ती घडली.

माहिती भरण्याच्या तक्त्यांचेही असेच आहे. तक्त्यात जो रकाना आहे त्याची मोजणी होते; ज्याला रकाना नाही ते दिसेनासे होते. मुखेड, कंधार, जळकोट या भागांतील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. हजेरीच्या पडद्यावर त्यांचे मूल ‘अनुपस्थित’ एवढेच दिसते. ते कोणत्या कारखान्याच्या फडावर आहे, तेथे जवळ शाळा आहे काय, आजीजवळ ठेवता येईल काय, हे पडदा विचारीत नाही. तांड्यावरील मुलाच्या घरची गोरमाटी भाषा पर्यायांच्या यादीत नसेल, तर ‘इतर’ या शब्दावर बोट ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. तक्ता वेळेवर भरणे हे कर्तव्यच आहे. परंतु तक्ता भरला म्हणजे मूल समजले, असे नव्हे. ‘इतर’ या शब्दामागचे मूल कोण, हे शिक्षकाच्या वहीत लिहिलेले असले पाहिजे. त्या वहीवरूनच हंगामी वसतिगृहाची मागणी करता येते, फडाजवळच्या शाळेला पत्र धाडता येते आणि मूल शाळेबाहेर पडण्यापासून वाचविता येते.

वर्गात काय करता येईल

यासाठी मोठी सामग्री लागत नाही. शाळेत एकच मोबाइल असला, किंवा वीज गेलेली असली, तरी पुढील उपक्रम होऊ शकतात.

१. खुणांची पाटी: मोबाइलवरील पाच खुणा मुलांनी पाटीवर काढाव्यात. प्रत्येक खूण कशासारखी दिसते हे मुलांनी आपल्या बोलीत सांगावे. नंतर ‘जतन करणे’ व ‘पुसून टाकणे’ यांसाठी स्वतःची चित्रे योजावीत. कणगी, गाठोडे, उकिरडा असे काहीही चालेल.

२. फळ्यावरचा पडदा: फळ्यावर मोठा चौकोन आखून ‘आमच्या गावाची माहिती’ त्यात मांडावी. वर काय ठेवावे व खाली काय, यावर मुलांनी वाद करावा. कोणी शाळा वर ठेवील, कोणी बाजार, कोणी पाण्याची टाकी. मांडणी म्हणजे कोणाची तरी निवड होय, हे या वादातूनच त्यांना उमजेल.

३. थांबण्याची सवय: फीत लावण्यापूर्वी ‘काय पाहावयाचे’ हे फळ्यावर एका वाक्यात लिहावे. फीत संपताच पडदा बंद करून मुलांना तोंडी सांगावयास लावावे. पुढची फीत आपोआप सुरू होण्याची सोय आधीच बंद करून ठेवावी.

४. एक वस्तू, तीन रूपे: गावातील पिंपळ प्रथम प्रत्यक्ष पाहावा, मग त्याचे छायाचित्र घ्यावे, मग पुस्तकातील चित्र पाहावे. प्रत्येकात काय अधिक व काय उणे, याची यादी करावी. सळसळ कोणत्या रूपात उतरली नाही, हे मुले आपण होऊन सांगतील.

५. पहिले ते उत्तम काय?: एकच प्रश्न शोधयंत्राला विचारून आलेली पहिली तीन उत्तरे वाचावीत व गावातील जाणत्या माणसाला विचारून पडताळावीत. यादीत वर असणे आणि खरे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे वरच्या वर्गातील मुलांनी शिकलेच पाहिजे.

समारोप

अक्षरओळख झालेल्या माणसाला कोणी कागदावर अंगठा उठवावयास सांगितले, तर तो ‘आधी वाचतो’ असे म्हणतो. मराठवाड्याच्या खेड्यांत हे सामर्थ्य प्राथमिक शिक्षकांच्या पिढ्यांनी निर्माण केले. आज अंगठा शाईत बुडवावा लागत नाही; तो काचेवर ठेवला जातो, आणि ‘मान्य आहे’ या शब्दावर तो न वाचताच उमटतो. काचेवर अंगठा ठेवण्यापूर्वी ‘हे कोणी मांडले, कशासाठी मांडले, आणि येथे काय दिसत नाही’ असे विचारणारे मूल तयार करणे, हे साक्षरतेच्या कार्याचेच पुढचे पाऊल होय. त्यासाठी शिक्षकाने संगणकशास्त्रज्ञ होण्याची आवश्यकता नाही. पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेताना जी सावध नजर लागते, तीच येथेही पुरेशी आहे.